डाव्या बटणातली पाचर

रियाज : ...ते समदं खरं असंल बाई, पण तुमी तिचं नाव काढून टाका. कशफ आता ह्या क्लासला येणार न्हाई.

सुमनताई : आधी बस तरी. दारात उभ्या उभ्या नाव घालत नाहीत आणि काढतही नाहीत.

रियाज : बसायला टाइम न्हाई. तीनची शिफ्ट हाय. काल खाडा झाला, आज पण झाला तर ठेकेदार गेटावरनंच वापस पाठवील. आन् ही बघा, हात सोडंना. बेटा, छोड. छोड ना. घरापासून असंच धरून आलीया.

सुमनताई : कशफ, खिडकीजवळची तुझी जागा मोकळी आहे बघ. पंखाही बंद केलाय. आवाज नाही होणार.

कशफ : एक. दोन. तीन.

रियाज : झालं सुरू. गुरुवारपासून हेच चाललंय. माझी बोटं मोजती. सकाळी उठलं की मोजती, जेवायला बसलं की मोजती. दहा झाले की परत एकपासून. खाईना, झोपंना. काल माझे कंपनीचे बूट गव्हाच्या डब्यात लपवून ठेवले. मी घरभर धुंडाळतोय, तिकडं शिफ्ट सुरू झाली.

सुमनताई : मग सापडले कसे?

रियाज : हिची आई सादिका दळणाला गहू काढायला गेली तवा. ती म्हणती, पोरीला नजर लागली. माझी अम्मी म्हणती, झटका बसला. मला पण तेच वाटायलंय. खरं सांगा बाई, रागावणार न्हाई मी. गुरुवारी तुमच्या त्या पाटीवर हिला करंट बसला का न्हाई?

सुमनताई : नाही रे. चार पेन्सिल सेलांवर चालते ती पाटी. भिंतीतली वीज मी मुलांच्या आसपास फिरकू देत नाही.

रियाज : मग झालं काय? नऊ वर्षांची पोर, आधीच चार शब्दांच्या वर बोलत न्हाई. इथं येऊन जरा हसायला लागली व्हती. आता हे असं.

सुमनताई : झालं ते तिच्यामुळे नाही, माझ्यामुळे झालं. आणि मी गुरुवारीच तुझ्या घरी यायला हवं होतं. रविवारी बोलू, रविवारी बोलू म्हणत राहिले. तीन दिवस नीट झोप नाही मलाही.

रियाज : तुमाला कसली भीती?

सुमनताई : सांगते. आधी ही पाटी बघ. डावीकडे एक बटण, उजवीकडे एक. दारावरच्या बेलची साधी बटणं. दोन्ही एकदम दाबली तरच दिवा लागतो. एक सोडलं की विझला. आणि मधोमध हा खडू.

रियाज : आन् हे कापसाचं काय गुंडाळलंय?

सुमनताई : बझर आहे आत. बंटीला दिसत नाही ना, त्याला दिवा लागलेला कळावा म्हणून बझर. वर्षालीला ऐकू येत नाही, तिच्यासाठी दिवा. आणि तुझ्या लेकीला कर्कश आवाज सोसत नाही, म्हणून बझरला कापूस. प्रयोग एकच, पण ज्याला जिथून आत शिरता येईल तिथून दार उघडं ठेवायचं.

रियाज : बरं. मग?

सुमनताई : मुलांना म्हटलं, दिवा लावायचा, आणि दिवा पेटलेला असतानाच मधला खडू उचलायचा. एकट्यानं, कुणाची मदत न घेता. तू करून बघ.

रियाज : बाई, मला उशीर व्हतोय.

सुमनताई : अजून सव्वा तास आहे. एकदा कर.

रियाज : ...हे दाबलं. हे पण दाबलं. लागला दिवा.

सुमनताई : आता खडू उचल.

रियाज : कसा उचलू? दोन्ही हात तर बटणावर हायेत. तिसरा हात कुठनं आणू?

सुमनताई : मुलांनीही हेच विचारलं. बंटीनं हनुवटी लावून पाहिली. वर्षाली चक्क पाटीवर चढली, पायाच्या अंगठ्यानं एक बटण दाबायला गेली आणि धपकन आपटली. हसून हसून पोट दुखलं सगळ्यांचं. पण जमलं कुणालाच नाही, आणि तेच मला हवं होतं. कारण ती बटणं एकामागोमाग एकाच तारेवर आहेत. दोन्ही हात बाहेर गुंतल्याशिवाय वीज पुढे जाणारच नाही. आत जायला हात उरतच नाही. काय झालं? बटणांकडे असा काय बघतोयस?

रियाज : काय न्हाई. पुढं सांगा.

सुमनताई : पुढे कशफची पाळी आली. ती उठली, कोपऱ्यातल्या डब्यातून आइस्क्रीमची काडी घेतली, दातानं तिचं टोक मोडलं. डावं बटण दाबलं, काडी त्याच्या फटीत घातली आणि तळहातानं ठोकली. दोनदा. ठक, ठक. बटण आतल्या आत अडकून बसलं.

रियाज : ...पोरं काय पण करत्यात.

सुमनताई : मग उजव्या हातानं दुसरं बटण दाबलं. दिवा लागला. डावा हात मोकळाच होता. खडू उचलला. पंधरा मुलांना जे सुचलं नाही ते तिला सुचलं. आणि रियाज, मी काय केलं माहितीय?

रियाज : काय?

सुमनताई : मी टाळ्या वाजवल्या. शाब्बास म्हटलं. मी वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. त्या नादात बंटीनं विचारलं, मी करू का, आणि चाचपडत त्यानं हात मधोमध घातला. तेवढ्यात कुणाचा तरी धक्का लागला, उजवं बटण दाबलं गेलं आणि दिवा लागला. बंटीचा हात आत आणि दिवा चालू. त्यावर कशफ जी ओरडली... चौतीस वर्षं शिकवलं मी, असं मूल ओरडलेलं ऐकलं नाही. तिनं बंटीचा हात ओढून बाहेर काढला आणि त्याची बोटं मोजली. एकेक करून.

कशफ : दहा.

सुमनताई : हो बाळ. दहाच होती. रियाज, ती काडी ठोकायची रीत माझ्या वर्गातली नाही. ती तिनं कुठं पाहिली?

रियाज : मला काय माहीत? मोबाइलवर बघितलं असंल.

सुमनताई : रियाज.

रियाज : बाई, ती बोलत न्हाई. तिनं काय तुमाला सांगितलं का, माझ्या बापानं असं केलं म्हणून?

सुमनताई : सांगितलं नाही. करून दाखवलं. तुझ्या हातानं. म्हणजे हात तिचा, ठोकणं तुझं. बघायचंय?

रियाज : नको.

सुमनताई : ती बघ, तिनं काडी घेतलीच.

कशफ : अब्बा. डावं.

रियाज : नको बेटा. रख दे. रख दे वो.

कशफ : ठक. ठक. अब्बा, हात नाही. आत हात नाही.

रियाज : ...न्हाई घालत. हे बघ, खिशात ठेवला हात. दोनी खिशात. बस?

सुमनताई : किती दिवस आहे ती पाचर, तुझ्या मशीनच्या बटणात?

रियाज : मी न्हाई घातली. मी आलो तवापासून हाय.

सुमनताई : म्हणजे?

रियाज : दोन वर्षं. पत्रा कापायची प्रेस जुनी हाय, बाई. दोन बटणं दिलीत, पण दोन्ही हातांनी दाबत बसलं तर तासाला चारशे पीस न्हाई निघत. उजव्यानं बटण, डाव्यानं पीस. समदे असंच करत्यात. आमच्या लायनीला सहा प्रेस हायेत, सहाच्या सहांना पाचर हाय. कुणाला लाकडाची, कुणाला पत्र्याची. सुपरवायझरला दिसत न्हाई व्हय? दिसतं. ऑडिटवाले येणार म्हटलं की तोच म्हणतो, काढा रे दातकोरणी. ते गेले की परत.

सुमनताई : आणि कशफनं हे पाहिलं कधी?

रियाज : खंडेनवमीला. त्या दिवशी घरची माणसं आणू देत्यात ना. मशीन धुतल्या, झेंडूचे हार घातले, नारळ फोडला. मी म्हटलं, पोरीला दावावं बाप काय काम करतो ते. आमच्या लाइनचा शेखर हाय, उदगीरकडचा, आमच्याच गावाजवळचा. त्यानं पेढा दिला तर हिनं घेतला. कुणाच्या हातचं घेत न्हाई, पण त्याच्या हातचा घेतला. त्याच्या बोटाला धरून लाइनभर हिंडली.

कशफ : शेखरचाचा.

रियाज : व्हय, शेखरचाचा. त्यानंच बटणांना हळद-कुंकू लावलं. उजव्याला लावलं, डाव्याला लावलं. पाचर तशीच आत. तिच्यावर पण लावलं. आन् मग समदे म्हणाले, पोरीला एक स्ट्रोक दाव. पाचर ढिली झाली व्हती, मी ठोकली...

सुमनताई : दोनदा.

रियाज : ...दोनदा. आन् एक स्ट्रोक मारला. पत्रा कापला. हिनं कान झाकले आन् डोळे उघडे ठेवले. मला वाटलं, आवाजाला घाबरली.

सुमनताई : तेव्हा तिला कोडं पडलं असेल. गुरुवारी माझ्या पाटीवर उलगडलं, दिवा लागला म्हणजे प्रेस खाली आली. ती बोटं मोजते ते वेड नाही, रियाज. तिला प्रयोग समजलाय. माझ्या वर्गात त्या दिवशी तो फक्त तिला समजला. मलासुद्धा नाही, मी टाळ्या वाजवत होते.

रियाज : दोन वर्षांत काय झालं न्हाई, बाई. हात बसलाय माझा.

सुमनताई : रणजीतचाही बसला होता.

रियाज : कोण रणजीत?

सुमनताई : माझा विद्यार्थी. मी शाळेत शिकवत होते तेव्हाचा. ही दोन बटणांची जोडणी मी त्याला फळ्यावर शिकवली होती, आकृती काढून. परीक्षेत आला प्रश्न. कळ एक जरी उघडी राहिली तरी धारा वाहत नाही, असं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं त्यानं. पैकीच्या पैकी मार्क दिले मी. पुढे एका वर्कशॉपमध्ये लागला, प्रेसवरच. चौथ्या वर्षी डाव्या हाताची तीन बोटं गेली. भेटायला गेले तर हसत म्हणाला, बाई, व्याख्या अजून पाठ आहे.

रियाज : या अल्ला.

सुमनताई : घरी आले आणि खडू टाकला. तेव्हापासून जे शिकवायचं ते हातात देऊनच. ही पाटी त्यानंच करून दिली मला. सात बोटांनी. म्हणून म्हणते, आज तू त्या मशीनवर पाचर तशी ठेवून बसू नकोस.

रियाज : तुमाला सोपं हाय म्हणणं. पाचर काढली की पीस निम्म्यावर येत्यात. मी कंपनीचा माणूस न्हाई, ठेकेदाराचा हाय. गेटाबाहेर रोज सकाळी वीस पोरं उभी असत्यात.

सुमनताई : माहितीय.

रियाज : मग कशाला भ्या घालता मला? मी रोज तिथं बसतो. विचार न्हाई केला म्हणून बसतो. आता विचार घातला डोक्यात, तर हात थरथरंल. थरथरला की... मग?

सुमनताई : खरंय. तीच भीती मलाही वाटतेय. तुझ्याशी भांडायला माझ्याकडे काही नाही, रियाज. ही पाटी आहे, आणि ही पोर आहे.

रियाज : सादिका कांदा मार्केटातनं सहाला सुटती. तवर हिला ठेवा इथं. घरी माझ्याबिगर बसायची न्हाई.

सुमनताई : ठेवते. आणि नाव?

रियाज : काय?

सुमनताई : काढू का नाव?

रियाज : ...उद्या बघू. बेटा, छोड अब. जाऊ दे मला. गिन ले एक बार. गिन.

कशफ : एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. आठ. नऊ. दहा.

रियाज : पूरे हैं ना? शाम को फिर गिन. पूरे लाऊंगा.

(त्याच दिवशी, संध्याकाळचे साडेपाच. त्याच खोलीत फोन वाजतो.)

सुमनताई : थांब कशफ, ओढू नकोस. घेते. ...नंबर ओळखीचा नाही. तू काडी ठेव खाली, बाळ. ठेव. काही नाही, कुणीतरी सहज केला असेल. ...हॅलो?

रियाज : बाई...

सुमनताई : रियाज? कुणाचा फोन हा? काय झालं? हात सांग. आधी हात सांग.

रियाज : हायेत. दोनी हायेत.

सुमनताई : ...बोल आता. बसू दे मला जरा, मग बोल.

रियाज : गेटावरच्या वॉचमनचा फोन हाय. आमचे आत नेऊ देत न्हाईत. चहाच्या सुट्टीत आलो भाईर. बाई, काढली मी ती.

सुमनताई : पाचर?

रियाज : व्हय. बसलो मशीनवर, आन् डावा हात आत जाईना. दहा मिनटं नुसता बसलो. कशफचंच ओरडणं ऐकू यायलं, मी ऐकलेलं नसताना पण. मग स्क्रू ड्रायव्हर घातला आन् उपसली. कुंकू व्हतं अजून तिच्यावर. बटण असं टुणकन भाईर आलं, जसं काय दोन वर्षं श्वास कोंडून बसलं व्हतं.

सुमनताई : शाब्बास... नाही, टाळ्या नाही वाजवत. पुढे?

रियाज : दोन तास दोनी हातांनी काम केलं. तासाला दोनशेला पण न्हाई पोचलो. सुपरवायझर आला, मोजलं, आन् शिव्या सुरू. म्हणाला, हाताला मेंदी लावलीस काय. उठवलं मला, पॅकिंगला टाकलं. पण काढलं न्हाई, बाई! मला वाटलं गेटाभाईर घालतोय. पॅकिंगला तर पॅकिंगला. खोके चिकटवायचे. तिथं काय बोट जात न्हाई.

सुमनताई : बरं झालं रे. फार बरं झालं.

रियाज : कशफला सांगा. म्हणावं, अब्बा मशीनवर न्हाई.

सुमनताई : मग मशीन बंद आहे आता?

रियाज : ...बंद कशी राहील. ऑर्डर हाय ना.

सुमनताई : कोण बसलंय तिथं?

रियाज : शेखर. त्याची प्रेस दुरुस्तीला हाय म्हणून रिकामा व्हता, त्याला बसवलं.

सुमनताई : आणि डावं बटण?

रियाज : ...कंगव्याचा तुकडा घातलाय त्यानं. मी काय करणार? मी बोललो त्याला. म्हटलं, भावा, नको. तर हसायला लागला. म्हणाला, तू घाबरलास म्हणून मी पण घाबरू का. चारचौघांत अजून काय बोलू? हात धरू त्याचा?

सुमनताई : मी काही म्हटलं नाही तुला. हं, थांब, ही फोन ओढतेय. दे म्हणतेय. बोल तिच्याशी. कशफ, असा कानाला लाव. अब्बा आहेत.

रियाज : बेटा? सुन. अब्बा ठीक है. मैं गिनता हूं, तू सुन हां? एक. दो. तीन. चार. पाच. ये एक हाथ हुआ. छे. सात. आठ. नौ. दस. पूरे. बोला था ना?

कशफ : दहा.

रियाज : हां, दहा. अब खाना खाएगी? सुमनबाईंकडनं बिस्कूट घे.

कशफ : शेखरचाचा.

रियाज : ...क्या बेटा?

कशफ : शेखरचाचा. मोज.

रियाज : वो... वो अंदर है, बेटा. काम कर रहा.

कशफ : मोज. अब्बा, मोज.

सुमनताई : रियाज, मी घेतलाय फोन. तिला कळत नाही रे असं नाही, पण ती...

रियाज : कळतंय, बाई. तिला समदं कळतंय.

सुमनताई : चहाची सुट्टी संपली असेल ना?

रियाज : भोंगा आत्ताच वाजला. आत लाइन सुरू झाली, ऐकू यायलीय. ...वॉचमनदादा, दोन मिनटं फोन चालू ठेवता का? आलोच. कट करू नका. बाई, तिला फोनजवळच बसवा.

सुमनताई : कुठं निघालास?

रियाज : तिला म्हणावं, मोजून येतो.